गर्टी द डायनासोर (१९१४): चित्र अव्वल, सिनेमा अर्धवट?

पाटीपेन्सिल

जुन्या कार्टूनपटांचा विषय निघाला की गाडी मिकी माऊसच्या 'स्टीमबोट विली'पाशी (१९२८) येऊन थांबते. त्याच्या चौदा वर्षं आधीची गर्टी बऱ्याच जणांनी नुसती ऐकलेली असते. यूट्यूबवर फुकट आहे, सगळी मिळून बारा-तेरा मिनिटं. पाहून घ्या आणि मग भांडायला या.

विन्झर मॅके हा न्यूयॉर्कचा वृत्तपत्री चित्रकार. 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्ये १९०५ पासून त्याची 'लिटल निमो' ही रविवारची रंगीत चित्रमालिका गाजत होती. शिवाय वॉदव्हिलच्या रंगमंचावर उभा राहून तो लोकांसमोर झरझर चित्रं काढून दाखवायचा. वॉदव्हिल म्हणजे एका तिकिटात गाणी, नकला, जादू, कसरती असं सगळं. गर्टी जन्मली ती अशा कार्यक्रमातला एक आयटम म्हणून. फेब्रुवारी १९१४ मध्ये शिकागोच्या पॅलेस थिएटरात पहिला खेळ झाला. मॅके हातात चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभा. तो हाक मारणार, पडद्यावरची गर्टी गुहेतून डोकं बाहेर काढणार. तो म्हणणार पाय उचल, ती उचलणार. तो हातातलं खोटं सफरचंद तिच्याकडे फेकल्याचा आव आणणार, लोकांकडे पाठ करून ते गुपचूप खिशात घालणार, आणि त्याच वेळी पडद्यावर सफरचंद येणार. शेवटी मॅके स्वतः पडद्यामागे जायचा आणि लगेच चित्रातला चिमुकला मॅके पडद्यावर हजर. गर्टी त्याला घेऊन निघून जायची.

म्हणजे हा संवाद होता. त्यातला एक नट हाडामांसाचा आणि दुसरा शाईचा.

पण मॅके तोवर हर्स्टच्या वृत्तपत्रांत नोकरीला होता. आपला चित्रकार रंगमंचावर वेळ घालवतो हे मालकांना खपेना, त्यांनी त्याच्या खेळांवर बंधनं आणली. मग सिनेमाच्या धंद्यातल्या विल्यम फॉक्सने वितरणाचे हक्क घेतले आणि वर्षअखेरीस गर्टी थिएटरांत लागली. आता मॅके प्रत्येक थिएटरात थोडाच जाणार! म्हणून पुढे खऱ्या माणसांचं एक प्रास्ताविक जोडलं आणि मॅकेची वाक्यं पाट्यांवर छापली. प्रास्ताविक असं: चित्रकार मित्रांची मोटार नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाबाहेर पंक्चर होते, मंडळी आत जाऊन डायनासोरचा सांगाडा बघतात, आणि मॅके त्यांतल्या जॉर्ज मॅकमॅनसशी जेवणाची पैज लावतो की मी हा प्राणी जिवंत करून दाखवीन. मग कागदांचे ढीग, ते घेऊन धडपडणारा मदतनीस वगैरे. विनोद म्हणून ठीक, पण भयंकर लांबलंय. आपण आज पाहतो ती हीच प्रत.

माझ्या मते चित्रपट म्हणून जे जे लंगडं आहे ते सगळं या जोडकामातून आलंय. पाटी येते, "गर्टी, उजवा पाय उचल." आपण वाचतो. पाटी जाते. गर्टी पाय उचलते. तोवर हुकूम आणि पाय यांच्यातली मजा गेलेली असते.

आणि तरीही मी तिच्या प्रेमात आहे, कारण ती ऐकत नाही. त्या काळच्या बाकीच्या हलत्या चित्रांत आकृत्या नुसत्या काही ना काही करत असतात. गर्टीला काहीतरी करायचं *नसतं*. आकाशातून उडता सरडा जातो, तिचं लक्ष तिकडे. जास्त ताणलं तर मॅकेवरच तोंड टाकते. तो रागावला की रडते. मॅमथ समोरून जायला लागतो तर त्याला उचलून तळ्यात भिरकावते. तो तळ्यातून सोंडेने तिच्यावर पाणी उडवतो आणि पोहत सटकतो, तर त्याच्यामागे धोंडा फेकते. मग सगळं तळं पिऊन टाकते. पिताना तिच्या पोटाकडे बघा. पाण्याच्या घोटागणिक पोटाच्या स्नायूंवरून लाट सरकते. कोणी सांगितलं होतं एवढं काढायला?

आळशी बोका

पाहिलं. धागा वाचून पाहिलं म्हणून शेवटपर्यंत टिकलो, नाहीतर पैज लागताच बंद केलं असतं.

काडी टाकतो. यात आहे काय? सर्कशीतला हत्ती जे करतो तेच. पाय उचल, नमस्कार कर, नाच. गोष्ट नाही, पात्र एकच, कॅमेरा हलत नाही, मागे तेच तळं आणि तेच दगड. १९१४ चं आहे म्हणून सूट द्यायची असेल तर तसं स्पष्ट म्हणा. पण 'अव्वल' वगैरे म्हणाल तर आजच्या पोराला दाखवून बघा.

गोगलगाय

ही जगातली पहिली कार्टून फिल्म ना? तसं असेल तर सूट द्यायला हवी.

शाईचा डाग

नाही हो. हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि चुकीचं आहे. जे. स्टुअर्ट ब्लॅकटनचा फळ्यावर खडूने काढलेल्या चेहऱ्यांचा लघुपट १९०६ चा. फ्रान्समध्ये एमिल कोलची 'फँटास्मागोरी' १९०८ ची. खुद्द मॅकेचे आधीचे दोन आहेत: १९११ चा 'लिटल निमो' आणि १९१२ चा डासावरचा. तो डास झोपलेल्या माणसाचं रक्त पीत पीत टम्म फुगतो, बघाच.

त्या डासामुळेच गर्टी आली म्हणायला हरकत नाही. मॅकेच्या सांगण्यानुसार लोकांना वाटायचं की ही तारांची करामत आहे, कुठेतरी खरं काहीतरी हलवून फोटो काढलेत. म्हणून पुढचा प्राणी त्याने असा निवडला की ज्याचा फोटो कोणाचा बापही काढू शकणार नाही.

आळशी बोका

हे आवडलं. बाकी मतावर ठाम.

शाईचा डाग

बोकोबा, मी हाताने काढायच्या ऍनिमेशनमध्ये बरीच वर्षं घासली आहेत, इन-बिट्वीनर (मधली मधली चित्रं काढणारा) म्हणून सुरुवात केली. तेव्हा तुम्हाला जी मागची 'तीच तळी आणि तेच दगड' दिसतात तिथे जरा थांबा.

ते तेच नाहीत. पारदर्शक सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या तावावर, पात्र काढायचं आणि खाली एकच पार्श्वभूमी ठेवायची ही सोय मॅकेकडे नव्हती. अर्ल हर्डने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला तोच १९१४ च्या डिसेंबरात, तोवर गर्टी रंगमंचावर उभीसुद्धा राहिली होती. त्यामुळे गर्टीने मान वळवली की नवा कागद, आणि त्या कागदावर डोंगर, तळं, झाड, दगड सगळं पुन्हा. पातळ राइस पेपर, काळी शाई. गर्टी मॅके स्वतः काढायचा आणि पार्श्वभूमी गिरवायला शेजारचा एक चित्रकलेचा विद्यार्थी होता, जॉन फिट्झसिमन्स. कागद एकावर एक नेमके बसावेत म्हणून कोपऱ्यांत फुल्यांच्या खुणा. आमच्याकडे त्यासाठी पेग बार (कागदाच्या भोकांत बसणाऱ्या खुंट्यांची पट्टी) असायचा. तो नसताना हे काम करायचं म्हणजे मला विचार करूनच घाम फुटतो.

आता तोटा. गिरवलेली रेघ कधीही तंतोतंत त्याच जागी पडत नाही. म्हणून गर्टी स्तब्ध उभी असतानाही मागचे डोंगर थरथरत असतात. पडदा मोठा असेल तर डोळ्याला त्रास होतो. दोष आहेच. पण हा दोष फिट्झसिमन्सच्या हाताचा नाही, पद्धतीचा आहे.

गंमत म्हणजे गर्टीच्या अंगावर ही थरथर खटकत नाही. कारण ती मुळात स्तब्ध नसतेच. श्वास घेत असते. किती वेळात श्वास आत आणि किती वेळात बाहेर हे मॅकेने स्वतःच्या श्वासावर वेळ लावून ठरवलं होतं. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं तेव्हा आधी नितंब हलतात, मग मान. हे आम्हाला शिकवायला मास्तरांनी महिने घालवले, आणि या गृहस्थाला शिकवायला कोणी नव्हतं.

बारा मात्रा

+१. आणि आलटून पालटून तीच चित्रं वापरणंही त्याचंच ना? नाचताना तीच हालचाल परत परत येते.

शाईचा डाग

हो, लूप. श्वासाची, डोलण्याची चित्रं तो पुन्हा वापरतो. दुसरी युक्ती म्हणजे हालचालीची सुरुवात आणि शेवट आधी काढायचा, मग मधलं, मग त्या मधल्याच्या मधलं. म्हणजे गर्टी कुठून कुठे आणि किती वेळात जाणार हे आधी पक्कं. आज 'की' आणि 'इन-बिट्वीन' म्हणतात ते हेच. झालेली चित्रं म्यूटोस्कोपमध्ये (चित्रांची चळत भराभर उलटून दाखवणारं यंत्र) लावून फिरवून बघायचा, हँडल मारून.

यातलं त्याने काही पेटंट केलं नाही, उलट येईल त्याला दाखवलं. एक गृहस्थ लेख लिहायचाय म्हणून आला, सगळं बघून गेला. तो जॉन ब्रे होता असं मानतात. पुढे ब्रेने अशाच पद्धतींची पेटंटं घेतली आणि मॅकेवरच दावा लावला. निकाल मॅकेच्या बाजूने लागला आणि नंतर काही वर्षं ब्रेकडून मॅकेला पैसे येत राहिले. चोरावर मोर.

हिशेबी

प्रास्ताविकात १०,००० चित्रांचा उल्लेख आहे. माझ्या घड्याळात ऍनिमेशनचा भाग सात मिनिटांवर जात नाही. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर ७ × ६० × १६ = ६,७२०. त्यात पाट्या धरल्या आहेत, लूप धरले आहेत. मग दहा हजार कुठून आली?

पाटीपेन्सिल

जाहिरातीतून! वॉदव्हिलवाला माणूस, आकडा गोल आणि मोठाच सांगणार. निम्मी धरली तरी दंडवत.

दगडफोड्या

भूशास्त्राचा माणूस असल्याने एक खडा टाकतोच. मॅमथ आणि डायनासोर एका तळ्यावर? मधे सहा कोटींहून जास्त वर्षांचं अंतर आहे.

पण एका बाबतीत मॅकेला मानलं. न्यूयॉर्कच्या त्या संग्रहालयात ब्राँटोसॉरसचा भव्य सांगाडा १९०५ ला उभा राहिला, शहरात त्याचं प्रचंड कुतूहल होतं. हा प्राणी चालेल कसा यावर जाणकारांचा वाद चालू असताना मॅकेने तो चालवून दाखवला. शेपूट जमिनीवर फरफटते हे आजच्या समजुतीप्रमाणे चूक, पण तेव्हाची शास्त्रीय चित्रंही तशीच होती. गुहेतून निघून ती लांबून पुढे येते तेव्हा प्रत्येक पावलागणिक मोठी होत येते आणि तरी बेढब होत नाही. त्या मानेच्या आणि पायांच्या प्रमाणात एवढं सांभाळणं सोपं नाही. मागच्या दगडांवर मात्र मी काही बोलत नाही, ते कुठल्याच जातीचे नाहीत.

गोगलगाय

शेवटचं वाक्य, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

खिडकीतली

सगळ्यांनी तंत्राचं कौतुक केलंय म्हणून वेगळा मुद्दा मांडते. मला हे बघताना अवघडल्यासारखं झालं. चाबूकवाला पुरुष, समोर अवाढव्य पण लहान मुलीसारखी वागवलेली मादी. नीट वाग, नमस्कार कर, नाहीतर ओरडा. ओरडल्यावर ती रडते आणि लोक हसतात. १९१४ च्या प्रेक्षकाला हे गोड वाटलं असेल. मला पूर्ण गोड नाही वाटलं.

आळशी बोका

ताई, ते प्राण्यांच्या खेळाचं विडंबन आहे, एवढं काय!

खिडकीतली

विडंबन आहे असं म्हणायला आधी खेळ उलटावा लागतो. अर्धवट उलटतो, मान्य. पण शेवटी ती मालकाला घेऊन जाते आणि मालक लोकांना वाकून नमस्कार करतो. टाळ्या कोणाला मिळाल्या?

पाटीपेन्सिल

मुद्दा बिनतोड आहे आणि तो टाळून पुढे जायचं नाही. फक्त एक बघा. चाबूक मॅकेच्या हातात असला तरी पडद्यावरची लय तिच्या हातात आहे. चित्रफीत एका वेगाने पुढे जात राहते, ती थांबत नाही. म्हणजे खऱ्या खेळात मॅकेलाच तिच्या वेळेवर बोलावं लागत होतं. त्याचा एखादा शब्द लांबला असता तर गर्टीने हुकमाआधीच पाय उचलला असता आणि थिएटर हसलं असतं, त्याच्यावर. मालक दिसतो तो, पण शिस्त त्यालाच पाळावी लागायची. आजच्या प्रतीत हे कळायला जागाच नाही, कारण तिथे मॅकेच्या जागी पाटी आहे आणि पाटी कधी चुकत नाही.

खिडकीतली

हे पटलं. म्हणजे माझं अवघडणं निम्मं फॉक्सच्या खात्यावर टाकू. निम्मं मॅकेकडेच राहू दे.

कल्याणकर

धागा आवडला, वाचनखूण साठवली आहे. पडद्याशेजारी उभा राहून चित्रांना बोलतं करणारा माणूस म्हटल्यावर आमच्या गावाचं नाव न घेणं शक्य नाही. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'शांबरिक खरोलिका' नावाने मॅजिक लँटर्नचे (काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर पाडणारं यंत्र) खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली बारीक चित्रं, रामायण-महाभारतातल्या कथा, आणि जोडीला निवेदन नि संगीत. चित्रं पटापट बदलून हालचालीचा भास करायचा.

मॅकेला याचा पत्ता असण्याचं कारण नाही, तसं काही सुचवतही नाही. सांगायचंय एवढंच की त्या पट्ट्या आज नुसत्या काचेवर पाहिल्या तर सुंदर दिसतात, पण तो खेळ नव्हे. निवेदकाचा आवाज गेला की उरतं ते सामान. गर्टीचंही तसंच झालंय, म्हणून पाटीपेन्सिल यांचा मूळ मुद्दा पटतो. बोकेरावांना कंटाळा आला तो सामानाचा.

बारा मात्रा

उत्तम प्रतिसाद. आपल्याकडचा विषय निघालाच आहे तर: गर्टीच्या पुढच्याच वर्षी, १९१५ ला, दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काड्या थोड्या थोड्या सरकवून चौकट चौकट टिपायची.

शाईचा डाग

बरोबर. पण ती जात वेगळी. काडी सरकवली की तिचं वजन, सावली, जाडी सगळं आयतं मिळतं, कारण ती खरी वस्तू आहे. मॅकेला वजनसुद्धा काढावं लागलं. फाळक्यांना कमी लेखत नाही, त्यांनी तर सगळा कारखानाच एकट्याने उभा केला होता.

आळशी बोका

ठीक आहे, माझी तक्रार नव्याने मांडतो. खेळ म्हणून थोर असेल, मला तो बघायला मिळणार नाही. मला मिळालेली फिल्म बारा मिनिटांची आहे, त्यातली जवळजवळ निम्मी पैजेत जाते, आणि उरलेल्या भागात ताण असा कशाचाच नाही. ती ऐकत नाही, मग ऐकते, मग ऐकत नाही. डास तरी फुगत जातो, तिथे पुढे काय होणार ही उत्सुकता आहे. रचना म्हणून आधीचा लघुपट सरस आणि नंतरचा ढिला, हे कोणी बोलतच नाही.

पाटीपेन्सिल

हे मात्र खरं बोललात. 'डास' बांधीव आहे, एकच कल्पना आणि ती टोकाला नेलेली. गर्टीत घटना सुट्या आहेत. मॅमथचा प्रसंग तळं पिण्याच्या आधी आला काय नि नंतर आला काय, बिघडत नाही. फक्त डासाला स्वभाव आहे का? भूक आहे. गर्टीला स्वभाव आहे. मला विचाराल तर कार्टूनच्या इतिहासात बांधीव लघुपट पुढे ढिगाने झाले, स्वभाव असलेलं पात्र मात्र इथे पहिल्यांदा असं ठसठशीत दिसतं. 'पहिलं' म्हणायचंच असेल तर त्यासाठी म्हणा.

बारा मात्रा

माझा प्रयोग सांगतो. सोसायटीतल्या पोरांना प्रोजेक्टरवर दाखवलं. प्रास्ताविक पूर्ण उडवलं, पियानोचा आवाज बंद, आणि पाट्या आल्या की मी पडद्याशेजारी उभा राहून मराठीतून ओरडायचो. "गर्टे, बाहेर ये! लाजतेस काय?" दोनदा माझी वेळ चुकली, ती आधीच वाकली. पोरं माझ्यावर फिदीफिदी. तिने मॅमथ तळ्यात टाकला तेव्हा मी रागावलो तर एक चिमुरडी मलाच म्हणाली, "काका, त्याने आधी तिला त्रास दिला." ती रडली तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मला सॉरी म्हणायला लावलं.

खिडकीतली

वा! म्हणालात का?

बारा मात्रा

म्हणावंच लागलं. पडदा अजून चालू होता.

हिशेबी

पाटीपेन्सिल, मॅकेच्या 'लुसिटानिया'वरही लिहा. १९१८ चा, बुडालेल्या जहाजावरचा. तिथे सेल वापरलेत म्हणतात, म्हणजे डोंगरांची थरथर नसणार.

पाटीपेन्सिल

सेल आहेत, म्हणून समुद्र आणि जहाज वेगवेगळं काढता आलं. पण त्यात विनोद औषधालाही नाही, तो युद्धप्रचाराचा पट आहे. त्यावर याच धाग्यात नको, वेगळा काढू. तोवर बोक्याने डासावर लिहावं, एवढा आवडलाय तर.

आळशी बोका

लिहितो. घाई करू नका, नाव वाचा माझं.